पटाशी घेताना: सरळ आणि गोल पटाश्या निवडण्यापासून पहिल्या धारेपर्यंत

गणपतीला दोन-तीन महिने उरले की माझ्याकडे कोरीव काम शिकायला येणारे वाढतात. कुणाला मखराची कमान कोरायची असते, कुणाला देव्हाऱ्याच्या चौकटीवर वेल काढायची असते. नव्या माणसाच्या पिशवीतून हमखास एक प्लास्टिकचा डबा निघतो: बारा पटाश्या, रंगीत मुठी आणि एकीलाही धड धार नाही. सागवानावर चार ठोके पडतात, धार वळते आणि माणूस म्हणतो, "माझा हातच बसत नाही."

हाताचा काही दोष नसतो. घोटाळा खरेदीच्या क्रमात असतो. डबा आधी घेतला जातो, काम नंतर ठरतं आणि धारेचा दगड सर्वांत शेवटी येतो, किंवा येतच नाही. खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे, आणि तो मोडू नका. एखादा टप्पा गाळलात तर त्याची किंमत पुढच्या टप्प्यात मोजावी लागते.

## १. आधी काम कागदावर काढा

जे कोरायचं आहे ते पूर्ण मापात जाड पुठ्ठ्यावर काढा. मोबाइलमधलं चित्र चालणार नाही, माप खरं हवं. समजा, वेलीचं पान आहे. पानाची बाहेरची कड कुठे सपाट जाते, कुठे वळते, देठाजवळची खाच किती अरुंद आहे, हे पट्टीने मोजून बाजूला मिलिमीटरमध्ये लिहा. वळणं लाल पेन्सिलने गिरवा. हा पुठ्ठा घेऊनच दुकानात जायचं आहे.

शेजारी लाकडाचं नाव लिहा. सागवानात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे धार लवकर उतरते. शिवणाचं लाकूड सुरीखाली गोडीने कापलं जातं, शिकायला फार चांगलं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाईनवूड स्वस्त पडतं, पण धार बोथट असली की ते कापलं न जाता चेंगरतं.

सावधान: प्लायवूड आणि एमडीएफवर कोरीव कामाची पटाशी लावू नका. त्यातला गोंद धार खातो. त्या कामाला एखादी जुनी, साधी पटाशी वेगळी ठेवा.

## २. पैशांची वाटणी करा, दगड पहिला

जितके पैसे काढून ठेवले असतील त्यातला निदान तिसरा हिस्सा धारेच्या सामानाला बाजूला काढा. लागतं एवढंच:

- एक जोडदगड, एक बाजू १००० ग्रिटची (ग्रिट म्हणजे दाण्याचा बारीकपणा) आणि दुसरी ४००० ते ६०००ची. तो परवडत नसेल तर जाड काचेचा सपाट तुकडा आणि ३२०, ६००, १०००, २००० नंबरचे वॉटर पेपर.
- फळीच्या तुकड्यावर चिकटवलेला चामड्याचा पट्टा आणि हिरवी पॉलिशची वडी.
- गोल पटाशीच्या आतल्या बाजूसाठी गोल कडेचा छोटा दगड. नसेल तर लाकडी दांडीवर गुंडाळलेला २००० नंबरचा पेपर चालतो.

दुकानातून आलेल्या पटाशीला बहुधा कामाची धार नसतेच, आणि हे चांगल्या पटाशीलाही लागू आहे. आपण पोलाद विकत घेतो, धार घरी घडवतो. त्यामुळे दगडाशिवाय घेतलेली महागडी पटाशी निव्वळ पडून राहते.

## ३. सरळ पटाश्या: मोजक्याच

सुतारकामाला चार पुरतात: ६, १२, १८ किंवा २० आणि २५ मिमी. पात्याच्या बाजूच्या कडा उतरत्या असलेली पटाशी घ्या, म्हणजे ती डव्हटेलसारख्या सांध्याच्या कोपऱ्यात शिरते. कूस (सांध्यात शिरणारं लाकडाचं टोक) बसवायची चौकोनी भोकं पाडायची असतील तर जाड, चौकोनी पात्याची ८ किंवा १० मिमीची एक वेगळी घ्या. उतरत्या कडांची पटाशी भोकात घालून उचकटलीत तर पातं वाकतं किंवा टोक तुटतं.

मापांतली एक गफलत नेहमी होते. जुना मिस्त्री सुतात बोलतो, आणि आठ सुतांचा एक इंच. "चार सूत" म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. १२ मिमीच्या खुणेवर चार सुताची पटाशी चालवलीत की भोक सैल होणारच. सगळी हत्यारं एकाच मापपद्धतीत घ्या.

## ४. गोल पटाश्या: आकडे आधी समजून घ्या

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

चांगल्या गोल पटाशीवर दोन आकडे असतात. एक रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा खोलाईचा, म्हणजे पातं किती वळलेलं आहे त्याचा. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जुन्या यादीवरून ही पद्धत आली: १ म्हणजे सरळ धार, २ म्हणजे तिरकी धार, ३ जवळजवळ सपाट, आणि तिथून आकडा वाढेल तशी खोलाई वाढते. ९ नंबर साधारण अर्धवर्तुळ, १० आणि ११ इंग्रजी 'यू' अक्षरासारखे खोल. वेगवेगळ्या देशांच्या कारखान्यांचे आकडे एखाद्या घराने पुढेमागे असतात. म्हणून पहिल्या काही पटाश्या शक्यतो एकाच कंपनीच्या घ्या.  उदाहरणार्थ, पटाश्या करणाऱ्या कंपन्यांपैकी फाइल (Pfeil) स्विस आहे आणि किर्शेन (Kirschen) जर्मन.

"अर्धा इंच गोल पटाशी द्या" असं म्हटलं तर दुकानदार हाताला लागेल ती देतो. १२ मिमी रुंदीची ३ नंबर पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत करते. १२ मिमीचीच ९ नंबर नाली पाडते. रुंदी एक, कामं मात्र पूर्ण वेगळी.

उठावाच्या कोरीव कामाला सुरुवातीला या सहा पुरे:

1. ३ नंबर, १२ मिमी: पृष्ठभाग साफ करायला.
2. ५ नंबर, १२ मिमी: पानांची बाहेरची वळणं.
3. ८ नंबर, ७ किंवा ८ मिमी: लहान वळणं, फुलांच्या पाकळ्या.
4. ११ नंबर, ३ मिमी: शिरा आणि अरुंद नाल्या.
5. 'व्ही' आकाराची, ६० अंशांची, ६ मिमी: रेखाटनाची पहिली रेघ.
6. २ नंबर तिरकी, १० मिमी: टोकदार कोपरे.

चमच्यासारखी वाकलेली, मागे वाकलेली, माशाच्या शेपटीसारखी पसरट, अशा पटाश्या काचेत फार सुरेख दिसतात. पहिल्या वर्षी घेऊ नका. सरळ पातं जिथे खरोखर पोचत नाही अशी जागा तुमच्या कामात आली, की मग त्या जागेपुरती एक घ्या.

सावधान: तळहातात मावणाऱ्या आखूड पटाश्या हाताने ढकलायच्या असतात. त्यांच्यावर मोगरी (लाकडी हातोडा) मारायची नसते. सागवानात खोल काम असेल तर साधारण २५० मिमी लांबीच्या पूर्ण मापाच्या पटाश्या घ्या.

तपासा: पुठ्ठ्यावरच्या प्रत्येक लाल वळणासमोर पटाशीचा नंबर लिहिला का? ज्या पटाशीसमोर एकही वळण नाही ती यादीतून काढा.

## ५. कुठे घ्यायची

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या मागे, मशीद बंदर स्टेशनपासून चालत गेलं की नागदेवी स्ट्रीट. साध्या सरळ पटाश्या हातात घेऊन पाहायला ही जागा. सकाळी दुकानं उघडल्यावर लगेच जा. दुपारी माल उतरवायची गडबड सुरू झाली की कुणी तुम्हाला आठ पटाश्या काउंटरवर मांडून देणार नाही. नंबर घातलेल्या गोल पटाश्या तिथे क्वचित दिसतात, त्या बहुधा ऑनलाइन मागवाव्या लागतात. मागवताना परत करायची मुदत वाचा, आणि पार्सल आल्या दिवशीच पुढच्या टप्प्यातली तपासणी करा.

तिसरी जागा चोर बाजार. शुक्रवारी भल्या सकाळी रस्त्यावर जुनं सामान मांडलेलं असतं, त्यात कधी कधी जुन्या विलायती पटाश्या सापडतात. पात्यावर 'कास्ट स्टील' असा शिक्का दिसला तर बीड समजून खाली ठेवू नका. जुन्या इंग्रजी हत्यारांवर त्या शब्दांचा अर्थ मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद असा आहे, आणि ते धार उत्तम धरतं. जुनी पटाशी घेताना तीन गोष्टी बघा: पाठीवर, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूवर, धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का, पातं ग्राइंडरवर जळून निळं पडलंय का, आणि पुरेशी लांबी उरली आहे का. वरच्या बाजूच्या गंजाने काही बिघडत नाही. पाठीवरचा खड्डा मात्र धारेत खाच होऊन बसतो आणि तो घासून संपेपर्यंत तिथेच राहतो.

लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची पटाशी करून घेणारेही आहेत. कमानपाट्याचं पोलाद चिवट असतं, भोकं पाडायच्या जाड पटाशीला ते छान. जुन्या कानशीपासून केलेल्या पटाशीत कार्बन जास्त असतो, धारही टिकते. पण पाणी देऊन कडक केल्यावर पुन्हा नीट तापवून तिचा कडकपणा उतरवला नसेल, तर ती काचेसारखी तडकते.

## ६. हातात घेऊन तपासणी

नागदेवीला एका दुकानात एक वयस्क मिस्त्रीकाका पटाशी घेताना मी बघत उभा होतो. त्यांनी पटाशीची पाठ काउंटरच्या काचेवर ठेवली, दोन बोटं पात्यावर दाबली आणि एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर हलकंच झुलवली. टक-टक आवाज आला. बाजूला ठेवली. दुसरी, तिसरी, तसंच. पाचवी काचेवर बसली ती बसलीच, आवाज नाही. "हीच द्या," म्हणाले. डब्यावरचं नाव त्यांनी एकदाही वाचलं नाही. तपासणी त्यांच्यासारखीच पाठीपासून सुरू करा.

पाठ. सरळ पटाशीची पाठ सपाट हवी, विशेषतः धारेकडचे २०-२५ मिमी. काच नसेल तर स्टीलची पट्टी आडवी आणि तिरपी लावून उजेडाकडे धरा. मधोमध किंचित खोलगट असेल तर चालेल, दगडावर कडा टेकतात. मधोमध फुगीर असेल तर नको, ती घासताना डोलते आणि महिनाभर पिच्छा सोडत नाही.

रेष. एक डोळा मिटून मुठीच्या बाजूने पात्याकडे बघा. मूठ, मान आणि पातं एका सरळ रेषेत हवं. तिरकी बसलेली मूठ प्रत्येक ठोक्याला पटाशी वळवते.

गोल पटाशीची आतली नाली. धार म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू जिथे मिळते ती रेषा, त्यामुळे आतली बाजूही पाठीइतकीच महत्त्वाची. माझी पहिली ५ नंबर मी बाहेरूनच बघून घेतली होती. आत ग्राइंडरच्या खोल रेघा होत्या. कितीही धार लावली तरी लाकडावर प्रत्येक कापात केसासारखे ओरखडे उठत होते, आणि कारण कळायला बरेच दिवस गेले. नाली घासून साफ करायला तीन रविवार लागले. तेव्हा उजेडाकडे धरून आत बघा. आडव्या रेघा दिसल्या तर दुसरी मागा.

जाडी. गोल पातं समोरून बघा. डावी भिंत, उजवी भिंत आणि तळ सारख्या जाडीचे हवेत. एक भिंत पातळ असेल तर धार तिकडे लवकर झिजते आणि टोक वाकडं दिसायला लागतं.

वळण. पटाशी पुठ्ठ्यावरच्या लाल वळणावर उभी टेकवा. जुळलं तर तीच.

ढाळ, म्हणजे धारेकडचा घासलेला उतार. अंश मोजायला यंत्र लागत नाही. ढाळाची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश, सुमारे २.४ पट असेल तर २५, तिप्पट असेल तर २०च्या जवळपास. सर्वसाधारण कामाला २५ ते ३०, भोकं पाडायला ३० ते ३५, मऊ लाकडात हाताने कोरायला २०. कोन घरी बदलता येतो, म्हणून एवढ्यासाठी पटाशी नाकारू नका.

पोलाद. 'क्रोम व्हॅनेडियम' हा शिक्का चांगल्या-वाईट दोन्ही हत्यारांवर दिसतो, त्याच्या भरवशावर राहू नका. रॉकवेल सी मापावर ५८ ते ६२ असा कडकपणा लिहिला असेल तर बरं. लिहिला नसेल तर खिशात छोटी बारीक कानस ठेवा. दुकानदाराला विचारून आधी ती एखाद्या साध्या लोखंडी बोल्टवर ओढा, मग पटाशीच्या ढाळाच्या कडेवर, धारेपासून पाच-सात मिमी मागे. बोल्टवर कानस चावते, तो स्पर्श हाताला लक्षात ठेवा. चांगल्या पटाशीवर ती बरीचशी घसरते. दोन्हीकडे सारखीच चावली तर पटाशी परत ठेवा.

मूठ. मोगरीने ठोकायची असेल तर मुठीच्या खालच्या तोंडाला धातूची साम घट्ट बसलेली हवी, आणि जड कामाच्या पटाशीला वरच्या टोकालाही कडं हवं. लाकडी मुठीवर लोखंडी हातोडी मारू नका, मूठ चिरते. आठ कोनांची मूठ असेल तर पटाशी टेबलावरून गडगडत खाली पडत नाही. फरशीवर टोकावर पडलेली पटाशी म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.

तपासा: एका मापाच्या निदान तीन पटाश्या मागून घ्या आणि त्यातली एक निवडा. एकाच डब्यातल्या दोन नगांत फरक असतो.

## ७. पहिली धार

लाकडाला लावण्याआधी हे पूर्ण करा. क्रम महत्त्वाचा: आधी पाठ, मग ढाळ, शेवटी पट्टा.

1. कारखान्याचं तेल किंवा लाखेचा थर थिनरने पुसून काढा. हे काम गॅलरीत, गॅसच्या शेगडीपासून लांब करा.
2. सरळ पटाशीची पाठ १००० नंबरवर सपाट ठेवून घासा. धारेलगतच्या पट्टीवर एकसारखी चमक आली की पुढच्या बारीक दगडावर जा. पाठ जराही उचलू नका.
3. ढाळ दगडावर पूर्ण टेकवा आणि मागे-पुढे घासा. पाठीच्या बाजूने बोट धारेकडे, बाहेरच्या दिशेने सरकवून बघा. बोटाला बारीक ओठ, म्हणजे धारेवर वळून आलेली पोलादाची कड, अडकला पाहिजे, आणि तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मध्येच ओठ तुटला असेल तर तिथे धार अजून आलेली नाही.
4. बारीक दगडावर ढाळ, मग पाठ, असं आलटून पालटून करत ओठ काढा.
5. पट्ट्यावर पटाशी नेहमी मागे ओढायची. पुढे ढकललीत तर चामडं कापलं जाईल आणि धार गोल होईल.

गोल पटाशी दगडावर लांबीला न चालवता आडवी चालवा आणि मनगट फिरवत न्या, म्हणजे ढाळाचा प्रत्येक भाग दगडाला लागतो. पहिल्यांदा करताना ढाळावर काळ्या मार्करने रंग फासा. जिथे रंग उरला तिथे हात पोचलेला नाही. कोपऱ्यांवर जास्त दाब देऊ नका, टोकं गोल होतात. आतला ओठ गोल दगडाने अलगद काढा, पण आत नवा ढाळ तयार करू नका.

पट्ट्यासाठी एक सोपी युक्ती: त्याच पटाशीने पाईनच्या तुकड्यात एक नाली कोरा आणि तीत पॉलिशची वडी घासा. त्या पटाशीच्या वळणाचा पट्टा तयार झाला.

सावधान: विजेच्या ग्राइंडरवर धार करायचीच असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कडेला पेंढ्याचा पिवळा रंग दिसला की थांबा. निळा रंग आला म्हणजे पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलं आणि तिथला कडकपणा गेला. निळा भाग पूर्ण घासून काढेपर्यंत ती धार टिकणार नाही.

तपासा: दिव्याखाली धार समोरून बघा. बोथट धारेवर उजेडाची पांढरी रेघ चमकते, तीक्ष्ण धार दिसतच नाही. मग पाईनच्या तुकड्याच्या टोकाला आडवा काप घ्या. कापलेला भाग गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर धार आली. भुसभुशीत, पांढुरका दिसला तर परत दगडावर. नखावर किंवा अंगठ्यावर धार बघायची सवय सोडा.

## ८. पहिला तास कामाचा

ज्या लाकडात काम करायचं आहे त्याच्याच टाकाऊ तुकड्यावर तासभर कोरा. तुकडा क्लॅम्पने घट्ट बांधा. एका हाताने लाकूड धरून दुसऱ्याने पटाशी ढकलणं हा अपघाताचा रस्ता आहे. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे.

मग धार बघा. ती एका बाजूला वळली असेल तर पोलाद मऊ आहे किंवा कोन फार निमुळता आहे. आधी कोन पाच अंशांनी वाढवून बघा. तरी वळली तर पटाशी परत करा. धारेचे बारीक तुकडे उडाले असतील तर घाई नको. नव्या पटाशीचा पहिला मिलिमीटरभर भाग कारखान्यात जास्त तापलेला असू शकतो. तेवढा हाताने घासून काढा आणि पुन्हा तासभर चालवा. पुष्कळ पटाश्या तिथून पुढे नीट वागतात. दुसऱ्यांदाही तुकडे उडाले तर ती परत करायच्याच लायकीची.

म्हणून पावती जपून ठेवा, आणि हा तास परत करायच्या मुदतीच्या आत काढा.

## ९. मुंबईचा पावसाळा

जूनपासून हवा इतकी दमट असते की रात्री उघड्यावर राहिलेल्या पटाशीवर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. काम संपलं की पातं कोरड्या फडक्याने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. जवसाचं तेल पात्याला लावू नका, ते सुकून चिकट थर धरतं. चामड्याचं म्यान पावसाळ्यात काढून ठेवा. चामडं ओल धरतं आणि पात्याला आतून गंज चढवतं. जाड सुती कापडाची, कप्पे शिवलेली गुंडाळी बरी, आणि ती भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका.

पावसात मुठीचं लाकूड फुगतं, ऑक्टोबरनंतर आकसतं. दिवाळीच्या सुमारास प्रत्येक पटाशीची साम बोटांनी फिरवून बघा. फिरली तर ती पटाशी मोगरीखाली घेऊ नका, आधी मूठ नीट बसवून घ्या.